अमेरिकन चांदीवरचा ठसा तक्त्यात सापडत नाही: चूक कुठे होते आणि ओळख कशी पक्की करायची

चमच्याच्या पाठीवर तीन बारीक ठसे आहेत: सिंह, जहाजाचा नांगर आणि रोमन लिपीतलं जी हे अक्षर. इंग्लिश ठशांचा तक्ता उघडला की सिंह म्हणजे स्टर्लिंग कसाची चांदी, नांगर म्हणजे बर्मिंगहॅम आणि जी म्हणजे वर्ष, असा अर्थ लावला जातो. मग कारागिराचा ठसा शोधायला जावं तर तो कुठेच नाही. शोध इथे अडकतो, कारण वस्तू बर्मिंगहॅमची नाहीच. ती ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्स शहरातल्या गोरहॅम कंपनीची आहे. सिंह, नांगर आणि जी हे तिन्ही मिळून त्या कंपनीचा ट्रेडमार्क होतो आणि जी म्हणजे गोरहॅम.

अमेरिकेतल्या एस्टेट सेलमध्ये, म्हणजे जुन्या घरातल्या सामानाच्या विक्रीत, चांदी घेणाऱ्यांना ही अडचण पुन्हा पुन्हा येते. तक्ता चुकीचा नसतो, चुकतो तो तपासणीचा क्रम. बहुतेक जण आधी ठसा वाचतात आणि मग वस्तू त्यात बसवतात. अमेरिकन चांदीत आधी धातू, मग घाट, मग ठसा कसा उमटलाय ते आणि अक्षरं सगळ्यात शेवटी, असं गेलं तरच उत्तर मिळतं.

ठसे असे का?

इंग्लंडमध्ये चांदीचा कस कारागीर स्वतः ठरवत नाही. तो तपासणी कचेरीत तपासला जातो आणि मग ठसे बसतात: सिंह, शहराची खूण, वर्षाचं अक्षर आणि कारागिराची आद्याक्षरं. १७८४ ते १८९० या काळात त्यांच्या जोडीला कर भरल्याची खूण म्हणून राजाचं किंवा राणीचं मस्तकही असे. अमेरिकेत अशी राष्ट्रीय व्यवस्था कधीच उभी राहिली नाही. बाल्टिमोर हा ठळक अपवाद. तिथे १८१४ च्या कायद्याने तपासणी कचेरी आली, पण सक्ती १८३० मध्ये संपली. बाकी सगळीकडे ठसा म्हणजे कारागिराचा शब्द.

गिऱ्हाईक मात्र इंग्लिश मालाला सरावलेलं होतं. ओळीने तीन-चार ठसे दिसले की माल चोख वाटायचा. त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अनेक अमेरिकन कारागीर गरुड, तारा, मस्तक, गव्हाची पेंढी, पक्षी किंवा सुटं अक्षर असे देखाव्याचे ठसे आपल्या नावाशेजारी मारू लागले. त्यांच्यावरून कसही कळत नाही, वर्षही कळत नाही. एकच चिन्ह अनेकांनी वापरलं असल्यामुळे नुसत्या गरुडावरून कारागीर ठरवता येत नाही.

खऱ्या इंग्लिश ठशांशी ताळा करायचा असेल तर सगळा संच एका वर्षावर येतो का ते बघा. अक्षराचं वळण, त्याभोवतीच्या चौकटीचा आकार आणि शहराची खूण या तिन्ही गोष्टी त्याच शहराच्या तक्त्यात एकाच वर्षाशी जुळल्या पाहिजेत. एक जरी जुळली नाही तर इंग्लंडचा तक्ता बंद करा. मात्र लगेच अमेरिकेवर शिक्कामोर्तब करू नका. कॅनडातल्या माँट्रियलमध्येही सिंह आणि मस्तक असे देखाव्याचे ठसे मारले जात. चीनमधल्या कँटनच्या कारागिरांनी परदेशी व्यापाऱ्यांसाठी घडवलेल्या चांदीवर तर लंडनच्या ठशांची हुबेहूब नक्कल असते. अमेरिकन जहाजांनी हा माल घरी नेला, म्हणून तो आजही तिथल्या जुन्या घरांत सापडतो. ठोकून उठवलेली दाट फुलापानांची नक्षी दिसली आणि ठसा ओ एम असेल, तर बाल्टिमोरच्या यादीत शोधू नका. तो कच्छमधल्या भुजच्या उमरशी मावजींचा आहे.

पहिली पायरी: चांदी आहे की मुलामा?

लोहचुंबकावर विसंबू नका. मुलाम्याखाली बहुतेक वेळा जर्मन सिल्व्हर असतं, म्हणजे तांबं, निकेल आणि जस्त. त्यालाही चुंबक चिकटत नाही. त्यापेक्षा घनता मोजा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला वजनकाटा पुरतो.

वस्तू कोरडी असताना वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. चमचा बारीक दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा लटकवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल तो चमच्याने सारलेल्या पाण्याचा. कोरड्या वजनाला त्या आकड्याने भागा. बुडबुडे चिकटून राहिले तर उत्तर कमी येतं, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका.

३१.०० ग्रॅमचा चमचा पाण्यात ३.०० दाखवत असेल तर घनता १०.३३, म्हणजे चांदी. तेवढ्याच वजनाचा जर्मन सिल्व्हरचा चमचा ३.५६ च्या आसपास दाखवेल आणि घनता ८.७ येईल. कथलाच्या ब्रिटानिया धातूची ७.३ च्या जवळपास येते.

या प्रयोगाला एक मर्यादा आहे. ९२५ टंचाच्या, म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी असलेल्या, स्टर्लिंगची घनता साधारण १०.३६ आणि ९०० टंचाच्या चांदीची १०.३१. वरच्या उदाहरणात पाण्यातला आकडा ०.०२ ने इकडेतिकडे झाला तरी उत्तर १०.२६ ते १०.४० मध्ये फिरतं. त्यामुळे चांदी आहे की नाही एवढंच यातून कळतं, टंच कळत नाही. पोकळ मुठीच्या सुऱ्या आणि आत सिमेंट किंवा राळ भरलेल्या मेणबत्तीदाण्या यांच्यासाठी तर हा प्रयोग निरुपयोगीच.

सराफाकडे नेलीत तर कानस मारू देऊ नका आणि दर्शनी भागावर तेजाब लावू देऊ नका. त्या एका ओरखड्याने जुन्या वस्तूची किंमत उतरते. क्ष-किरणांनी धातूतले घटक मोजणाऱ्या एक्सआरएफ यंत्राने पृष्ठभागाला धक्का लागत नाही, पण त्याचा आकडाही समजून घ्यावा लागतो. घडवताना चांदी वारंवार तापवली जाते. त्यात वरच्या थरातलं तांबं काळं पडतं आणि आम्लात ते विरघळून जातं, त्यामुळे पृष्ठभागावर चांदीचं प्रमाण आतल्यापेक्षा वाढतं. म्हणून आत ८९ ते ९० टक्के चांदी असलेली वस्तूही यंत्रावर ९२ दाखवू शकते. डाखाजवळची, म्हणजे धातूच्या सांध्याजवळची, जागा टाळून, दांड्याच्या पाठीवर आणि झिजलेल्या कडेवर अशी निदान तीन ठिकाणी नोंद घ्या आणि यंत्राला सोनं आणि शिसंही मोजायला सांगा. अठराव्या शतकातल्या चांदीत या दोन्हींचे अंश सहसा सापडतात. विद्युत शुद्धीकरण केलेल्या आधुनिक चांदीत ते जवळजवळ नसतात. रिव्हिअर किंवा मायर्स अशा अठराव्या शतकातल्या नामांकित कारागिराच्या नावाचा ठसा असलेल्या वस्तूत सोन्याचा अंशही नसेल तर गंभीर शंका घ्यावी.

धातूबद्दलचे शब्द आणि आकडे

ठशातल्या शब्दांनीच सर्वाधिक फसगत होते, म्हणून हे जरा सविस्तर.

‘कॉइन’, ‘प्युअर कॉइन’, ‘डॉलर’, ‘स्टँडर्ड’ किंवा नुसतं सी वा डी: हा नाण्याच्या कसाचा दावा. अमेरिकन नाण्याचा कस १७९२ च्या कायद्याने ८९२.४ होता, १८३७ पासून ९००. प्रत्यक्षात कारागीर स्पॅनिश डॉलर, जुनी भांडी, मोड असं हाती येईल ते वितळवत, त्यामुळे टंच थोडा वरखाली होतो. तेवढ्यावरून वस्तू खोटी ठरत नाही.

‘१०.१५’ आणि ‘११ औंस’: हे बाल्टिमोरचे आकडे. ट्रॉय पौंडात १२ औंस आणि औंसात २० पेनीवेट. १० औंस १५ पेनीवेट म्हणजे २४० पैकी २१५, टंच साधारण ८९६. अकरा औंस म्हणजे ९१७. ‘१०.१५’ ला कुणी दिनांक समजतं, कुणी डिझाइनचा क्रमांक. तो दोन्ही नाही.

‘स्टर्लिंग’: न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने १८५१ मध्ये आणि गोरहॅमने १८६८ मध्ये हा ९२५ चा कस स्वीकारला. त्यानंतर तो अमेरिकन कारखान्यांत रुळला. १७७० च्या घाटाच्या चमच्यावर हा शब्द दिसला तर पुढच्या काळातली नक्कल आहे का ते आधी तपासा. आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातले कारागीर मात्र अठराव्या शतकातच ‘स्टर्लिंग’ मारत होते, तो पर्याय डोक्यात असू द्या.

‘स्टर्लिंग इनलेड’: हा मुलाम्याचा माल. होम्स अँड एडवर्ड्सच्या चमच्यांत, जिथे मुलामा सर्वात लवकर झिजतो तिथे चांदीचे छोटे तुकडे बसवत आणि वरून मुलामा देत. ‘स्टर्लिंग’ शेजारी ‘वेटेड’ किंवा ‘रीइन्फोर्स्ड’ असेल तर चांदी म्हणजे वरचं पातळ कवच. एकूण वजनावर चांदीचा भाव लावू नका.

‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’: १८४७ हे वस्तूचं वर्ष नव्हे. हार्टफर्डमध्ये रॉजर्स बंधूंनी विद्युत मुलाम्याचा माल काढायला सुरुवात केली ते हे वर्ष. पुढे ते व्यापारी नावाचाच भाग झालं आणि १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनीनेही ते चालू ठेवलं. विसाव्या शतकातले चमचेही हाच आकडा घेऊन फिरतात. ‘ए वन’, ‘ट्रिपल’, ‘क्वाड्रुपल’, ‘ईपीएनएस’ हे सगळे शब्द मुलाम्याचेच. ‘निकेल सिल्व्हर’मध्ये चांदी अजिबात नसते.

‘८००’ हा आकडा असेल तर अमेरिका सोडा आणि युरोपकडे वळा.

१९०६ च्या राष्ट्रीय कायद्याने ‘स्टर्लिंग’ आणि ‘कॉइन’ या शब्दांना कायदेशीर धार आली. डाख नसलेल्या वस्तूला हजारात ४ आणि डाख असलेल्या वस्तूला हजारात १० एवढीच तूट माफ. १९६१ च्या दुरुस्तीने कसाच्या ठशाशेजारी ट्रेडमार्कही सक्तीचा झाला. म्हणजे नुसतंच ‘स्टर्लिंग’ असून कारखान्याचं चिन्ह कुठेच नसेल, तर वस्तू बहुधा त्याआधीची.

दुसरी पायरी: घाटावरून काळ

कारागिरांच्या यादीला हात लावण्याआधी घाटावरून काळाच्या दोन कडा ठरवा. चमच्यात हे सर्वात सोपं. वाटीच्या पाठीवर दांड्यापासून निमुळती होत गेलेली उंच रेघ, म्हणजे उंदराची शेपटी, असेल तर सतराव्या शतकाचा शेवट ते अठराव्याचा पहिला भाग. दांड्याचं टोक वर वळलेलं असेल तर सहसा १७७० च्या आधीचा, खाली वळलेलं असेल तर नंतरचा. टोकाचे कोपरे तिरके कापलेले असले तर १७९० ते १८१०. खांदे असलेला, फिडलसारखा म्हणजे व्हायोलिनसारखा रुंदावणारा दांडा १८१० च्या सुमारास येतो. फुलांची परडी किंवा गव्हाची पेंढी दांड्यावर साच्याने उठवलेली असेल तर १८२० आणि १८३० ची दशकं. अगदी जुन्या चमच्यांत ठसा दांड्यावर खाली, वाटीच्या जवळ असतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस तो वर सरकला.

आद्याक्षरं कितीही जुळोत, काळ जुळला नाही तर ते नाव यादीतून काढून टाका.

तिसरी पायरी: ठसा उमटलाय कसा?

दहापट भिंग घ्या आणि दिवा बाजूने, जवळजवळ आडवा धरा. त्याआधी पॉलिश करू नका. ठशाच्या खोलगट भागात जमलेली काळपट अक्षरांना उठाव देते आणि घासण्याने अक्षरंच झिजतात. छाप घ्यायचा तर मेणबत्तीची थोडी काजळी ठशावर धरा, बोटाने वरची पुसा आणि पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला. पट्टी पांढऱ्या कागदावर लावली की पुसट अक्षरंही वाचता येतात. उरलेली काजळी साबणाच्या पाण्याने जाते. खेळायची माती वापरू नका. तिच्यात गंधक असेल तर चांदी काळी पडते.

ठोकून मारलेल्या जुन्या ठशात चौकटीचा तळ सपाट आणि दबलेला असतो, अक्षरं त्यातून वर आलेली असतात, कडा धारदार असतात. चमच्याच्या दुसऱ्या बाजूला त्याच जागी बहुतेक वेळा किंचित फुगवटा किंवा सपाटी जाणवते. ओतीव नकलेत मूळ चमच्याबरोबर त्याचा ठसाही साच्यात जातो. मग अक्षरांच्या कडा गोलसर होतात आणि चौकटीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. सहा चमच्यांचा संच असेल तर सगळे एका ओळीत उलटे मांडा. हाताने मारलेला ठसा प्रत्येकावर थोडा तिरका, थोडा वर किंवा खाली असतो. सहाही ठिकाणी तोच कोन, तेच अंतर आणि तोच तुटका कोपरा दिसला तर ते ओतकाम आहे.

दुसरी लबाडी डाखून जोडलेल्या ठशाची, आणि तीच जास्त महागात पडते. मोडक्या चमच्यावरचा नामांकित ठसा कापून मगाच्या किंवा चहादाणीच्या तळाला डाखतात. ठशावर तोंडाची वाफ सोडा. वाफ विरताना डाखाची रेषा क्षणभर वेगळी दिसते. मगाला पुढे तोटी बसवलेली असेल तर तेवढ्यावरून घाबरू नका. एकोणिसाव्या शतकात दारूबंदीच्या चळवळीच्या काळात अनेक अमेरिकन घरांनी बिअरच्या जुन्या मगांना तोट्या लावून घेतल्या. मूळ ठसा खरा असू शकतो, बदल मात्र नोंदवायला हवा.

चौथी पायरी: अक्षरं

आधी कोरलेली अक्षरं बाजूला काढा. त्रिकोणात मांडलेली तीन अक्षरं मालकांची असतात: वर आडनाव, खाली पती आणि पत्नी यांची नावं. ती कोरणीने कोरलेली असतात, चौकट नसते. कारागिराचा ठसा एका घावात बसलेला असतो.

अठराव्या शतकात जे च्या जागी आय मारत. त्यामुळे जॉन, जोसेफ, जेकब, जेम्स हे सगळे आय खाली येतात. बोस्टनच्या जॉन कोनीचा ठसा आय सी असाच आहे, वर मुकुट आणि खाली ससा, कारण कोनी म्हणजे ससा. आय बी हा न्यूयॉर्कच्या जेकब बोलेनचाही आणि बोस्टनच्या जॉन बर्टचाही. अशा वेळी चौकटीचा आकार, मुकुट आहे की नाही, अक्षरांमध्ये किंवा खाली टिंब आहे का, हे मिलिमीटरमध्ये मोजून जुळवावं लागतं. संग्रहालयांच्या ऑनलाइन सूचींमध्ये ठशांचे जवळून घेतलेले फोटो असतात. छापील यादीतल्या हाताने काढलेल्या आकृतीपेक्षा त्यांच्यावर भरवसा ठेवा.

पी आर आणि रिव्हिअर यांच्या वाट्याला सर्वात जास्त चुका येतात. बोस्टनच्या पॉल रिव्हिअरने चौकटीत ‘रिव्हिअर’ असा आणि वळणदार पी आर असा ठसा वापरला. तो १८१८ मध्ये वारला. त्याचे वडीलही याच नावाचे चांदीकारागीर, त्यांचा ठसा वेगळा. पुढे हे नाव कंपन्यांनी, डिझाइनांनी आणि १७६८ च्या प्रसिद्ध वाडग्याच्या असंख्य नकलांनी वापरलं. ‘रिव्हिअर’ शेजारी ‘स्टर्लिंग’, क्रमांक किंवा कंपनीचं चिन्ह असेल तर तो कारखान्याचा माल.

पूर्ण नाव मिळालं की काम संपलं असंही नाही. १८३० नंतर चमच्यावरचं नाव पुष्कळदा विकणाऱ्या सराफाचं असतं. चमचे ठोक कारखान्यात बनत आणि गावोगावचे दुकानदार आपलं नाव मारून घेत. शेजारचं बारकं चिन्ह हेच खऱ्या कारखान्याचं असू शकतं, फोटोत ते कापू नका. दुकानदाराचं गाव आणि वर्षं शोधायला शहरांच्या व्यापारी डिरेक्टऱ्या उत्तम: फिलाडेल्फियाची १७८५ पासून, न्यूयॉर्कची १७८६ पासून, बोस्टनची १७८९ पासून. भागीदारी बदलली की नाव बदलतं आणि त्यातून काळ आवळता येतो. बाल्टिमोरच्या कर्क पेढीवर ‘अँड सन’ १८४६ पासून, अनेकवचनी ‘अँड सन्स’ फक्त १८६१ ते १८६८, आणि ‘इन्कॉर्पोरेटेड’ १९२५ नंतर दिसतं. शेवटचा एस झिजलेला असेल तर तारीख चुकते, म्हणून ती जागा भिंगाखाली बघाच.

गोरहॅमच्या मोठ्या भांड्यांवर १८६८ साठी ए पासून १८८४ साठी क्यू पर्यंत वर्षाची अक्षरं आहेत, १८८५ पासून १९३३ पर्यंत चित्रचिन्हं. चमच्या-काट्यांवर ती सहसा नसतात, तिथे शोधत बसू नका. टिफनीच्या भांड्यांवरचे दोन मोठे आकडे डिझाइनचे आणि ऑर्डरचे, वर्षाचे नव्हेत. गरुड, आर आणि सिंह अशी तिकडी टाँटन शहरातल्या रीड अँड बार्टन कंपनीची.

जाणकाराला विचारताना

लांबी मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, घनतेचा आकडा, संपूर्ण वस्तूचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि ठशाचा मोजपट्टीसह, बाजूच्या उजेडातला फोटो एवढं द्या. नुसत्या ठशाचा फोटो दिलात तर उत्तर अंदाजाचंच येईल.

नाव पक्कं झालं नाही तर नोंदीत जबरदस्तीने नाव घालू नका. ‘अमेरिकन, नाण्याच्या कसाची चांदी, १८२५ ते १८४०, फिडल दांडा, ठसा आय बी, चौकट ४ × ६ मिमी, कारागीर अनिश्चित’ अशी नोंद वाचून पुढचा माणूस शोध पुढे नेऊ शकतो. भलतंच नाव एकदा विक्रीच्या यादीत छापलं गेलं की पुढची प्रत्येक यादी तेच उतरवते.